थोरलीची हत्यारं

थोरलीला धाकटं भावंड कधी झालंच नाही, तरी ती जन्मापासून थोरलीच. बापाला पुढच्याची खात्री होती, म्हणून त्याने नाव आधीच देऊन ठेवलं. पुढचं कुणी आलं नाही आणि नाव चिकटलं ते चिकटलंच. आता सत्तेचाळिशी उलटली, तरी गल्लीतला भंगारवालासुद्धा तिला थोरलीच म्हणतो.

बापाला ती आबा म्हणते. आबांचं गॅरेज गल्लीच्या टोकाला, पत्र्याच्या छपराखाली. भिंतीवर एका खिळ्याला हातभर रबरी नळी टांगलेली असते. चाळीस वर्षं आबांनी या नळीवर संसार ओढला. एक टोक कार्बोरेटरच्या तोंडाशी, दुसरं कानात. आत हवा कशी सूं करते ते ऐकायचं आणि स्क्रू पाव आटा इकडे, पाव आटा तिकडे. दोन कार्बोरेटर असले की दोन्हींचा सूं एका सुरात आणायचा. लांबून लांबून लोक यायचे आणि म्हणायचे, "आबा, जरा कान लावा."

तीच विद्या त्यांनी थोरलीला दिली. अडचण एकच होती, आणि ती थोरलीने दोन वर्षं कुणाला कळू दिली नव्हती. उघड्या सायलेन्सरांशेजारी आयुष्य गेल्यावर तिचा उजवा कान ठार बहिरा झाला होता आणि डाव्यात निम्मंशिम्मं उरलं होतं. नळी लावायची, काही ऐकू यायचं नाही, मान डोलवायची आणि बोटांना लागणाऱ्या थरथरीवरून स्क्रू फिरवायचा. साध्यासुध्या गाड्या निभावून गेल्या.

मग दातांच्या डॉक्टरांची गाडी आली.

गाडी पन्नास वर्षांची, दोन माणसांची, बाटलीसारखी हिरवी. जमिनीला इतकी लागून की बसताना गुडघे आठवावेत आणि उठताना आई. डॉक्टरांनी तिचं इंजिन मात्र शर्यतीचं करून घेतलं होतं. मोठे दोन कार्बोरेटर, झडपा जास्त वेळ उघड्या ठेवणारा कॅमशाफ्ट, पुढची पुलीसुद्धा नवी. आबांनी स्वतः नळी लावली, ठिणगी कधी पडायची ते ठरवणारा डिस्ट्रिब्युटर थोडा थोडा फिरवत नेला आणि जिथे आवाज सगळ्यात गोड लागला तिथे आवळून टाकला. गाडी मांजरासारखी गुरगुरायला लागली. डॉक्टर खूश, आबा खूश.

गावाबाहेर टेकडीवर जुन्या टाकीकडे जाणारा चढ आहे. तिथे अर्ध्यात इंजिन डब्यातल्या खड्यांसारखं खडखडलं, तापलं आणि बंद पडलं. गाडी दोरीला बांधून परत आली.

"चालवायची पद्धत चुकली असेल," आबा म्हणाले.

"आबा, मी फक्त पाय दाबला," डॉक्टर म्हणाले.

"तेच तर. दात उपटल्यासारखा दाबला असेल."

आबांच्या हाताला आताशा कंप होता. त्यांनी नळी थोरलीपुढे धरली. "घे. तू लाव. बायकांचा कान तिखट असतो."

थोरलीने नळी घेतली नाही. हात पुसले आणि म्हणाली, "मला त्यातून काही ऐकू येत नाही. दोन वर्षं झाली."

आबांचा हात तसाच राहिला. डॉक्टर दुसरीकडे बघायला लागले.

"दोन वर्षं मान कशाला डोलवत होतीस मग?"

"तुम्ही बघत होतात म्हणून."

आबांनी नळी परत खिळ्याला टांगली. मग डॉक्टरांसमोरच म्हणाले, "बहिऱ्या माणसाने इंजिनाला हात लावायचा नाही. ही गाडी या फाटकातून लंगडत गेली, तर मी पुतण्याला बोलावून घेणार. त्याला कान आहेत. तू पंक्चर काढ."

"बोलवा," थोरली म्हणाली. "पण आधी ही गाडी माझी."

दुसऱ्या दिवशी ती हत्यारांच्या दुकानात गेली. दुकानदार तिच्या बहिऱ्या कानात ओरडून बोलत होता, त्यामुळे सगळ्या दुकानाला ऐकू जात होतं, तिला सोडून. मग तिने डावा कान पुढे केला.

"ताई, ही घ्या पेटी. पडद्यावर सगळा रोग लिहून येतो. नुसती पिन जोडायची."

थोरलीने पेटीची वायर हातात घेऊन टोक न्याहाळलं. "कुठे जोडायची?"

"गाडीत खाच असते की."

"गाडी पन्नास वर्षांची आहे. तिला खाच नाही, कॉम्प्युटर नाही, रेडिओसुद्धा नाही. शेपूटच नाही त्या म्हशीची शेपूट मला धरायला देऊ नका."

"मग आबांची नळी आहेच," दुकानदार हसत म्हणाला.

"नळी तुम्ही लावा, रक्तदाब मोजायला. मला बत्ती दाखवा."

बत्ती म्हणजे टायमिंगची. ठिणगी पडेल तेव्हा लखकन चमकते आणि फिरती पुली जागच्या जागी थांबल्यासारखी दिसते. तिच्या पाठीवर अंशांची चकती असलेलीच तिला हवी होती. चकती फिरवली की ठिणगी किती अंश आधी पडते ते वाचता येतं. त्याने बिनचकतीची पुढे केली, तिने परत सरकवली. दुसरं, कार्बोरेटरच्या तोंडावर बसवायचा हवेचा मीटर. नळी जे कानाला सांगायची, ते हा काट्याने सांगतो. तिसरा सायलेन्सरच्या पाइपात बसणारा मीटर, पेट्रोल जास्त जातंय की कमी ते आकड्यात दाखवणारा. तो लांब वायरीचा निवडला, कारण तो तिला चढावर सीटवर बसून वाचायचा होता.

"बास?" दुकानदाराने विचारलं. "चौथं काही?"

"चौथं घरी करते."

चौथं तिने जुन्या स्पार्क प्लगचं केलं. आतली चिनीमाती फोडून काढली आणि त्यात बोल्ट बसवला. पिस्टन सगळ्यात वर कधी येतो ते दाखवणाऱ्या, नव्या पुलीवरच्या खुणेवर तिचा भरवसा नव्हता. प्लगच्या भोकात हे बसवून इंजिन हाताने फिरवलं की पिस्टन बोल्टला टेकून थांबतो. एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने. दोन्ही जागांच्या बरोबर मध्ये पिस्टनचं खरं शिखर. खूण सहा अंशांनी खोटी निघाली. तिने खरी जागा पांढऱ्या रंगाने रंगवली आणि मगच बत्ती लावली.

रेस वाढवून चकती वाचली. गोड आवाजासाठी आबांनी फिरवलेली ठिणगी वरच्या रेसला दहा अंश जास्तच आधी पडत होती. चढावर खडे वाजणारच.

तिने सगळं वरच्या रेसला जुळवलं. ठिणगी, हवा, पेट्रोल. खालच्या रेसला जे पडेल ते पडू दिलं. खाली जे पडलं ते ऐकून शेजारचा वेल्डर बाहेर आला. गाडी उभ्या जागी धडक-धडक करत होती. ठोका चुकवत होती, बॉनेट थरथरत होतं, पान्यांचा ट्रे घसरत निघाला होता.

आबा खुर्चीतून उठले. "थोरले, हिला दमा झालाय."

"तो कॅमशाफ्टच तसा आहे. खाली लंगडतो, वर पळतो."

"दोन अंश पुढे घे, गोड होईल."

"होईल. आणि चढावर मरेल."

डॉक्टर हळूच म्हणाले, "ताई, थोडं मधलं काही? घरी बायको म्हणते, एवढं करून आवाज असा?"

"मधलं नाही," थोरली म्हणाली. "अशीच न्या, नाहीतर गोड करून देणारा दुसरा शोधा. फाटक उघडं आहे."

डॉक्टरांनी आबांकडे पाहिलं. आबा दारात जाऊन उभे राहिले. "माझ्या फाटकातून ही अशी जायची नाही."

"मग तुम्ही पण चला," थोरली म्हणाली. "बसा आत."

आबा आत बसले म्हणण्यापेक्षा त्यांना आत भरलं. थोरली चालवायला, आबा तिच्या डावीकडे, चांगल्या कानाच्या बाजूला. डॉक्टर चढाच्या पायथ्याशी स्कूटरवर येऊन थांबले.

पहिलं वळण गेलं. थोरलीची नजर रस्त्यावरून मीटरवर, मीटरवरून रस्त्यावर. पेट्रोलचा आकडा जागेवर होता. पण खड्यांचा आवाज आकड्यात दिसत नाही, आणि तिला तो ऐकू येत नव्हता. गाडी बंद पडली होती त्या वळणाआधी तिने पाय पूर्ण दाबला आणि विचारलं, "आबा, खडखडतंय?"

आबा पुढे बघत राहिले.

"आबा, मी विचारतेय. खडे वाजले की नाही ते खरं सांगा. इंजिन फुटलं तर दोघांच्या पायांवर येईल."

इंजिनाचा लंगडेपणा केव्हाच गेला होता. गाडीने वळण असं घेतलं की आबांचं डोकं मागे आपटलं.

"नाही," आबा तिच्या कानाशी ओरडले. "खडखड नाही. वरचा गिअर टाक, बघत काय बसलीस?"

टाकीपाशी तिने गाडी उभी केली. धडक-धडक पुन्हा सुरू झाली.

"आवाज भिकार आहे," आबा म्हणाले.

"भिकारच राहणार."

"मी असतो तर गोड केली असती."

"आणि दोरी सोबत ठेवली असती."

ती गाडी खाली घेऊन आली. डॉक्टरांनी चावी घेतली, गाडी घेऊन स्वतः चढ चढून आले, आणि मधलं काही असतं का हे पुन्हा विचारलं नाही. पुतण्याला निरोप गेला की नाही, हे थोरलीने आबांना विचारलं नाही. तो आला नाही एवढं खरं.

पुढच्या आठवड्यात कुणी एक जण जुनी लाल गाडी घेऊन फाटकाशी आला. "कान लावून देतात ते इथेच ना?"

"एक कान ठार गेलाय, दुसरा निम्मा," थोरली बत्तीची वायर उलगडत म्हणाली. "बघून लावते. पटलं तर गाडी आत घ्या, नाहीतर वळवायला जागा आहे."

तो माणूस खुर्चीतल्या आबांकडे बघायला लागला.

"माझ्याकडे काय बघता? घ्या आत," आबा खेकसले. "आवाजाची तक्रार मात्र तिच्या उजव्या कानात सांगायची."