खडवलीचा रंगरूट

काश्मीरहून आमची पलटण खाली आली तेव्हा माझ्या अंगात मलेरिया होता आणि डाव्या मांडीत लोखंडाचा एक तुकडा. डॉक्टरांनी तो काढायचं टाळलं. "राहू दे, त्रास देणार नाही," म्हणाले. मेडिकल बोर्डाने माझी कॅटेगरी खाली आणली आणि मला हलक्या कामावर धाडलं. हलकं काम म्हणजे खडवली स्टेशनपासून आत, जंगलाच्या कडेला असलेल्या दारूगोळ्याच्या डेपोवर गार्ड कमांडर. काश्मीरच्या आधी ब्रह्मदेशची लढाई झाली होती. मी तेव्हा तिशी नुकती ओलांडलेला हवालदार होतो, पण पन्नाशीच्या माणसासारखा चालत होतो.

लोकांना वाटतं, डेपोची ड्यूटी म्हणजे आराम. आराम नसतो, कंटाळा असतो. सकाळी फॉल-इन, हत्यारांची तपासणी, संत्री बदली, तारेच्या कुंपणाला फेरी. संध्याकाळी पुन्हा तेच. आत सिमेंटच्या जाड भिंतींच्या शेड होत्या, प्रत्येकीवर पांढऱ्या रंगात नंबर. आत काय आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून कुणी बोलत नसे. कुंपणाच्या एका बाजूला टेकडी, दुसऱ्या बाजूला गाव, गावापलीकडे भातसा नदी.

मला बाहेर राहायची परवानगी होती. गावात एक दोन खणांचं कौलारू घर भाड्याने घेतलं आणि बायकोला खाडीकाठच्या आमच्या कोलशेतहून आणलं. हिरा मिठागरातली. लहानपणापासून खाजणात उभी राहिलेली. तिच्या टाचांना भेगा होत्या आणि त्या कधी भरत नसत. मी लढाईवर असताना माझ्या आईबापांचं आजारपण तिनेच काढलं, दोघांनाही तिनेच पोचवलं. खडवलीला आल्यावर पहिल्याच दिवशी ओसरीवर बसून ती म्हणाली, "मना आता कोनाचा काय करायचा नाय. बसायचा हाय."

मी म्हटलं, "बस."

थंडीचे दिवस होते. लान्सनायक नामदेव पिसाळ सकाळची गस्त घेऊन रेल्वेच्या रुळालगत गेला होता. खटाव तालुक्यातला हा गडी काश्मीरपासून माझ्याच सेक्शनमध्ये होता. हडकुळा, मिशी नीट न उगवलेला, कामाला चोख. परत आला तेव्हा ग्रेटकोट अंगात नव्हता, हातात होता. कोटात भेकराचं पाडस. आई मालगाडीखाली गेली होती. पाडस शेजारच्या गवतात हललंही नव्हतं. अंगावर पांढरे ठिपके, कान कोटाच्या बटणाएवढे, मऊ, पाय काडीसारखे.

सुभेदारसाहेबांनी एकदा पाहिलं. "बराकीच्या लाईनीत जनावर नाही. आजच्या आज बाहेर."

नामदेव माझ्याकडे बघत राहिला. "हवालदारसायेब, तुमचं घर हाय की गावात."

मी जंगलखात्याच्या गार्डला विचारलं. तो म्हणाला, सोडलंत तर उद्यापर्यंत कोल्हा नेईल. थोडं मोठं होईपर्यंत सांभाळा, मग बघू. म्हणून मी ते घरी नेलं.

हिराने कोट उघडून आत पाहिलं. "यो काय आनलात तुमी?"

"भेकर आहे. आई मेली त्याची."

"मी सांगलेला ना, मना कोनाचा काय करायचा नाय."

"तू काही करू नकोस. आम्ही करू."

आम्ही म्हणजे मी आणि नामदेव. ड्यूटी नसली की तो येई. पहिले दोन दिवस पाडसाने तोंड उघडलं नाही. औषधाच्या बाटलीला सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी बसवून गाईचं दूध दिलं, तर ते ओठांतून गळून गेलं. थोडं पोटात गेलं त्यानेही हगवण लागली. नामदेव घामाघूम झाला. अडकलेल्या मशीनगनचं स्टॉपेज काढतानाही मी त्याला इतका घाबरलेला पाहिला नव्हता.

हिरा चुलीपाशी बसून हे सगळं बघत होती. शेवटी उठली, शेजारून शेळीचं दूध आणलं, पाणी घालून कोमट केलं. पाडसाला मांडीत घेतलं आणि तळव्याने त्याचे डोळे झाकले. अंधार झाल्यावर ते चोखायला लागलं. ती आमच्याकडे न बघता म्हणाली, "आईच्या पोटाखाली उजेड असतंय काय?"

दूध पोटात गेलं, पण खालून काही होईना. पोट फुगलं. हिरा म्हणाली, "आई चाटते त्याना, तवा होते."

नामदेवने विचारलं, "मग आता?"

"मग चाटा तुमी."

मी इतक्या महिन्यांत पहिल्यांदा हसलो असेन. नामदेव हसला नाही. त्याने फडकं कोमट पाण्यात भिजवलं, पिळलं आणि शेपटीखाली हळूहळू पुसत राहिला. थोड्या वेळाने त्याची पँट ओली झाली. तो मान वर करून म्हणाला, "झालं, वैनी." एखादी चौकी घेतल्याची खबर द्यावी तसा. पुढे रोज दूध पाजल्यावर हे काम त्याचं. तो ड्यूटीवर असला की माझं.

नाव त्यानेच ठेवलं. नवीन भरती झालेल्या पोराला फौजेत रंगरूट म्हणतात. पाय कुठे टाकायचे ते कळत नाही, सारखी भूक लागलेली, जरा आवाज झाला की दचकतो. पाडसाचं सगळं तसंच होतं. ते नर होतं, म्हणून नाव शोभलं.

रंगरूट वाढला. दुधावरून पाल्यावर आला. नामदेव येताना खिशातून उंबरं आणायचा. हिराने कोलशेतहून आणलेलं जाडं मीठ तळहातावर धरलं की तो चाटायचा, आणि मीठ संपलं की तिच्या टाचा चाटायचा. ती पाय ओढून घ्यायची, मग पुन्हा पुढे करायची. तोंडाने मात्र म्हणायची, "कवा जानार यो?" मला तापाची थंडी भरली की रंगरूट माझ्या घोंगडीला टेकून बसे. त्यात माया होती असं मी म्हणणार नाही. तापलेलं अंग उबेला बरं असतं. पण मलाही बरं वाटायचं.

होळी झाली तोवर अंगावरचे ठिपके गेले होते. ऊन वाढलं. टेकडीवरचं गवत वाळून पिवळं झालं. आम्ही कुंपणाभोवती फायर लाइन कापली होती, म्हणजे गवत छाटून मोकळा पट्टा ठेवला होता. शेडमधला माल तापू नये म्हणून सकाळी झरोक्यांची लोखंडी शटर उघडायची आणि ऊन चढलं की बंद करायची, असा हुकूम होता. शटरं बाहेरून साखळीने ओढून बंद होत.

त्या दिवशी सुभेदारसाहेब कल्याणला गेले होते. डेपो माझ्या हाती होता. ऊन चढायला लागलं होतं आणि शटर पार्टी एक नंबरपासून शटरं लावत निघाली होती. टेलिफोन वाजला.

"गार्ड रूम, टॉवर बोलतोय. टेकडीवर धूर."

"किती लांब?"

"लांब आहे. पण वारा आपल्याकडे."

मी अलार्म दिला. सगळे फॉल-इन झाले. कल्याणला फोन करून बंब मागितले. "निघतात," उत्तर आलं. गोणपाटं भिजवून जवानांना फायर लाइनवर पसरवलं. गावात माणूस धाडला, सगळ्यांनी नदीकडे निघा. आग कशी लागली ते शेवटपर्यंत कळलं नाही. वाळलेल्या गवताला कारण लागत नाही.

पहिला लोट आम्ही झोडपून विझवला. मग वारा वाढला आणि पेटलेलं गवत उडून फायर लाइनच्या आत पडायला लागलं. त्या गडबडीत शटर पार्टीचा नायक धावत आला. तीन नंबरपर्यंत बंद झालं होतं. चार नंबर राहिलं होतं. ते टेकडीच्या अंगाचं आणि सगळ्यात भरलेलं.

चार नंबरमध्ये ठिणगी गेली असती तर डेपो, स्टेशन आणि गाव, तिन्ही गेली असती.

नामदेव माझ्या शेजारी होता. "मी जातो."

"एकाला बरोबर घे."

तो एका शिपायाला घेऊन पळाला. शिपाई थोड्या वेळाने खोकत परत आला. "लान्सनायकांनी परत धाडलं. म्हणाले, धुरात दोघांचं काम नाही." मी गार्ड रूममध्ये येऊन टेलिफोनपाशी उभा राहिलो. प्रत्येक शेडच्या कोपऱ्यावर एक फोन असे.

वाजला.

"गार्ड रूम, चार नंबर. तीन शटरं बंद. चौथं अडकलंय."

"वारा फिरलाय, नामदेव. परत ये."

"साखळी गंजलीय. निघंल."

"परत ये. हुकूम आहे."

"एकच ऱ्हायलंय, सायेब."

मग रिसीव्हर भिंतीवर आपटल्यासारखा आवाज आला. लाइन चालू होती. मला गवत पेटल्याचा आवाज ऐकू येत होता. मी दोनदा हाक मारली. त्यानंतर लोखंडावर लोखंड बसल्याचा आवाज झाला. पुढे नुसती आग.

आग चार नंबरला वळसा घालून पुढे गेली. भिंती काळ्या झाल्या, आत काही झालं नाही. बंब आले तेव्हा विझवायला थोडंच उरलं होतं. नामदेव भिंतीच्या पायथ्याशी पालथा पडला होता. जिवंत होता. आम्ही त्याला ओल्या गोणपाटात घेतलं आणि ट्रकने कल्याणच्या हॉस्पिटलात नेलं.

संध्याकाळी मी घरी आलो. घर उभं होतं, दार सताड उघडं. हिरा नदीवरून परतली ती गळ्यापर्यंत भिजलेली, अंगावर ओरखडे. रंगरूट तिच्या खांद्यावर आडवा होता. धुराने तो वेडापिसा झाला होता, दावं तोडत होता. तिने त्याला पाठुंगळी घेतलं आणि सगळ्या गावाबरोबर पाण्यात उभी राहिली. लोक म्हणत होते, सोड त्याला, तुझा जीव बघ.

"मग का नाही सोडलंस?" मी विचारलं.

"सोडला असता तर आगीतच शिरला असता. खुळा हाय." मग तिने माझ्या कपड्यांकडे पाहिलं. "कोन गेला?"

"अजून कुणी नाही."

नामदेव दोन दिवस जगला. तोंड पट्ट्यांत होतं, एक डोळा उघडा. मी शेजारी स्टुलावर बसून असे. दुसऱ्या दिवशी त्याने विचारलं, "शटर?"

"बंद झालं. माल सुरक्षित."

जरा वेळाने म्हणाला, "रंगरूट?"

"बरा आहे. खातोय."

"मग झालं," तो म्हणाला. त्यानंतर तो बोलला नाही.

त्याचा थोरला भाऊ आला तेव्हा सगळं उरकलं होतं. धोतर, पटका, हातात काठी. मी त्याला चार नंबर दाखवलं आणि काय घडलं ते सांगितलं. रिपोर्ट द्यावा तसंच सांगितलं, मला दुसरं येत नाही. त्याने काळ्या भिंतीवर हात फिरवला. जेवायला मी त्याला घरी आणलं. तिथे हिराने त्याला बाटली, व्हॉल्व्हची नळी, ओलं फडकं, भिजलेली पँट, सगळं सांगितलं.

भाऊ ताटावरचा हात थांबवून ऐकत होता. "आमचा नामा?"

"हो."

"घरी म्हशीला वैरण टाक म्हटलं तर पळायचा त्यो. शेणाला नाक धरायचा. आईच्या शिव्या खायचा त्येच्यापायी." तो हसला. हसता हसता त्याने पटक्याचं टोक डोळ्यांना लावलं. निघताना त्याने रंगरूटापुढे हात धरला. रंगरूट हुंगून मागे सरला. आग लागल्यापासून तो कुणालाच जवळ येऊ देत नव्हता, एका हिराशिवाय.

पावसाळ्यात आम्ही त्याचं दावं काढलं. दिवसा जाई, रात्री ओसरीखाली येई. मग एक रात्र आड येऊ लागला. त्याच्या डोक्यावर बोटभर शिंगं फुटली होती. श्रावण संपत आला तेव्हा तो यायचा थांबला. रानातून भेकर भुंकलं की हिरा हातातलं काम थांबवून ऐके. तोच असेल किंवा नसेल, भेकरं सगळी एकसारखीच भुंकतात. त्याला शोधायला आम्ही गेलो नाही. दोघांच्याही अंगात तेवढं बळ नव्हतं.

चौकशी झाली. ड्यूटीवर असताना अपघाती मृत्यू, असा निकाल लागला. तो बरोबरच होता. पलटणीच्या ट्रेनिंग सेंटरला एक दगड आहे, त्यावर लढाईत पडलेल्यांची नावं आहेत. काश्मीरमध्ये गेलेले माझ्या सेक्शनचे तिघे त्यावर आहेत. नामदेवचं नाव नाही, कारण त्या दिवशी लढाई नव्हती. मी एकदा विचारून पाहिलं होतं. साहेब चांगले होते. नियम आहे, म्हणाले. मी सॅल्यूट करून बाहेर आलो.

मी पेन्शनीत निघालो आणि आम्ही कोलशेतला परतलो. सर्वपित्री अमावस्येला हिरा पानं वाढते. एक माझ्या वडिलांचं, एक आईचं, एक तिच्या माणसांचं. पहिल्या वर्षी तिने आणखी एक पान मांडलं आणि त्यावर भात वाढला. कुणाचं, ते मी विचारलं नाही. फक्त म्हटलं, "त्याच्या घरचे करत असतील की त्याचं."

"करूदेत," ती म्हणाली. "दोन घरचा जेवला तर काय बिघारलं? लय बारीक होता."