बाबांसाठी स्वस्तातला रेडिओ

बाबा जहाजावर रेडिओ ऑफिसर होते. निवृत्त होऊन कोपरला स्थायिक झाल्यावरही रविवारी सकाळी ते जुना शॉर्टवेव्ह रिसीव्हर लावून हौशी रेडिओवाल्यांचा मोर्स ऐकत बसायचे. आम्हाला ती नुसती लांब-आखूड पीप-पीप वाटायची. त्यांना त्यात माणसं बोलताना ऐकू यायची. मग तो रिसीव्हर बंद पडला. याचे पार्ट आता मिळत नाहीत, असं सांगून दुकानदारांनी हात वर केले.  बाबा रविवारी पेपर वाचून झाला की नुसते बसून राहायला लागले. मला ते बघवेना.

मी वागळे इस्टेटमध्ये एका कंपनीत मशीनची ड्रॉइंग करते. तिथल्या एका सहकाऱ्याने सांगितलं, "अगं, आता कोण एवढा मोठा रिसीव्हर घेतं? एसडीआर घे. पेनड्राइव्हएवढा डोंगल लॅपटॉपला लावायचा, बाकी सगळा रेडिओ सॉफ्टवेअरमध्ये. एकदम स्वस्त."

त्या 'एकदम स्वस्त'ने माझे पुढचे दोन महिने खाल्ले.

आधी व्हिडिओ बघितले. प्रत्येकाचं शीर्षक 'नवशिक्यांसाठी', आणि प्रत्येकाचा सल्ला वेगळा. एक म्हणे साधा डोंगल पुरे. दुसरा म्हणे तो कचरा आहे, थेट महागडा बॉक्सच घ्या. तिसरा अर्धा तास बोलून शेवटी म्हणे, तुमच्या गरजेवर अवलंबून आहे. गरज काय ते मला माहीत होतं. वडिलांना मोर्स ऐकायचाय. पण याचं सरळ उत्तर कुणी देईना.

शेवटी कंटाळून मी सगळ्यात स्वस्त, निळा, बिननावाचा डोंगल मागवला. आला, लावला, सॉफ्टवेअरशी भांडले, आणि खोलीत खणखणीत एफएम वाजायला लागलं. मी खूश. बाबांनी दोन मिनिटं जाहिराती ऐकल्या.

"हे मोबाइलवर पण लागतं ना?"

"लागतं. थांबा, शॉर्टवेव्ह लावते."

लागलंच नाही. तो डोंगल शॉर्टवेव्हपर्यंत खाली पोचतच नाही, हे मला विकत घेतल्यावर कळलं. खोक्यावर आकडे होते, पण ते काय सांगतात हे नवशिक्याला कसं कळणार? मला रडूच यायचं बाकी होतं.

मग शॉर्टवेव्हची सोय असलेला सुधारित डोंगल शोधला. छान धातूच्या डबीतला. त्यावर एफएम आधीपेक्षाही सुंदर आणि शॉर्टवेव्हवर शुकशुकाट. सहकाऱ्याने जेवणाच्या सुट्टीत डबी उघडली, खऱ्या डोंगलच्या फोटोशी ताडून बघितली आणि म्हणाला, "नकली आहे. डबी तीच, आत शॉर्टवेव्हचा भागच नाही." विकणारा म्हणाला, डबी उघडलीत, आता परत घेणार नाही. मी त्याच्याशी फोनवर एवढी भांडले, की शेजारच्या टेबलावरचे लोक जेवायचे थांबले.

घरी आल्यावर बाबा म्हणाले, "राहू दे गं आता."

त्या 'राहू दे'चा मला जास्त राग आला. मी इतकी धडपडतेय आणि हे शांत!

तिसरा डोंगल मी चौकशी करून, माहीतगार विक्रेत्याकडून घेतला. तो खरा निघाला. त्याच्यासोबत आलेला वीतभर अँटेना शॉर्टवेव्हला उपयोगाचा नव्हता. गच्चीवर वायर टाकू का, असं सोसायटीच्या सेक्रेटरींना विचारलं.

"टॉवर लावताय? रेडिएशन होईल. मीटिंगमध्ये घ्यावं लागेल."

"अहो, टॉवर कसला? साधी वायर आहे."

"तरी मीटिंगमध्ये घ्यावं लागेल."

मीटिंग झाली नाही. मी बाल्कनीच्या ग्रिलपासून स्वयंपाकघराच्या खिडकीपर्यंत वायर ओढली. डोंगल लावला तर घरघर. सगळीकडे नुसती घरघर. आता मात्र बाबा उठले.

"चार्जर काढ."

लॅपटॉपचा चार्जर काढला, घरघर निम्मी झाली.

"ते एलईडी दिवे बंद कर."

दिवे, वायफाय, टीव्हीचं खोकं, एकेक करत शेवटी मेन स्विचच बंद केला. तरी थोडी उरलीच. ती शेजाऱ्यांची असणार, तिला इलाज नव्हता. पंख्याशिवाय घामाघूम होऊन आम्ही लॅपटॉपसमोर बसलो. मी आकडे सरकवत होते. आणि घरघरीच्या खालून बारीक आवाज वर आला. पीप-पीप.

बाबांचं बोट टेबलावर हलायला लागलं. मी श्वास रोखून त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. डोळ्यांत पाणी येईल, निदान 'वा' म्हणतील, असं वाटलं होतं. त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"काय घाणेरडा हात आहे याचा! दोन अक्षरांत अंतरच सोडत नाही. जहाजावर असता तर पहिल्या बंदरात उतरवला असता."

"पण कळतंय ना?"

"कळतंय गं. हवामान सांगतोय त्याच्या गावचं. सांग त्याला, सावकाश पाठव म्हणावं."

"बाबा, याच्यातून फक्त ऐकता येतं. पाठवता येत नाही."

त्यांनी माझ्याकडे वळून बघितलं. "म्हणजे? एवढे दिवस खपून तू फक्त कान आणलास?"

मी उठून मेन स्विच चालू केला. उत्तर दिलं असतं तर भांडण झालं असतं.

आता दर रविवारी ते ऐकतात. मेन स्विच बंद, फ्रिजमधलं दूध नासायची मला धास्ती, आणि त्यांचं सुरू: हा घाई करतो, तो अडखळतो, ह्याला कुणी शिकवलं? मधूनच मला हाक मारून विचारतात, "पाठवायचा केव्हा घेणार?" त्यासाठी परीक्षा आणि परवाना लागतो, असं मी सांगते. मग ते म्हणतात, "मग दे की परीक्षा." मी ओट्याशी जाऊन भांडी जरा जोरातच आपटते.