कब्रस्तानातला बिबट्या आणि तीन न जुळणारे जबाब

"तुम्ही दोन लिहिलेत. मी एकच पाहिला," असं म्हणून रूथमावशीनं पेन माझ्या हातात परत दिलं.

शुक्रवारची दुपार कलली होती, पाड्यातली उपासना नुकतीच सुटली होती. गुड फ्रायडेची सुट्टी होती, म्हणजे सरकारला होती, मला नव्हती. मी तेव्हा वनपाल होतो. जंगलात फिरणारे वनरक्षक माझ्या हाताखाली आणि मी आरएफओ, म्हणजे वनक्षेत्रपाल, साहेबांच्या हाताखाली, त्यामुळे बोलणी दोन्हीकडून खायची. खांडबाऱ्याहून जीपनं अर्ध्या तासावरच्या एका पाड्यात, दानिएल गुरुजींच्या ओट्यावर बसून मी तीन बायांचे जबाब लिहीत होतो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी रनाळ्यात माझ्या पुतण्याची हळद होती. काहीही करून हे प्रकरण मला आजच मिटवायचं होतं.

प्रकरण असं होतं. त्या पाड्यातली बरीच घरं ख्रिस्ती. ईस्टरच्या रविवारी उजाडायच्या आधी अख्खी मंडळी, तान्ह्या पोरांसकट, कब्रस्तानात जाऊन उपासना करते. येशू पुन्हा उठल्याची बातमी पहिल्यांदा पहाटे कबरीपाशीच कळली, म्हणून. त्याआधी थडगी झाडून चुना मारायचा असतो. शुक्रवारी दुपारी गुड फ्रायडेची मोठी उपासना असल्यामुळे रूथमावशी, तिची सून एस्तेर आणि शेजारची सुमनबाई अशा तिघी त्या कामाला त्याच दिवशी भल्या पहाटे गेल्या होत्या. थोड्याच वेळात त्या बोंबलत परत आल्या. जुन्या पोलीसपाटलाच्या थडग्यावर बिबट्या आहे म्हणाल्या.

पुरुष मंडळी हसली. कुत्रं असेल, म्हणाली. बायांना काय, सावली दिसली तरी वाघ वाटतो, असंही म्हणाली. मग सगळे मिळून खात्री करायला गेले. बिबट्या नव्हता. बायांच्या हातून सांडलेला चुना होता, आणि त्यात जे काही ठसे उमटले असतील ते या खात्रीवाल्यांनी तुडवून टाकले. मी पोचलो तेव्हा चुन्यात फक्त चपलांचे ठसे होते. दोन तर एकाच चपलेचे, जाताना आणि येताना.

मंडळीच्या पंचांनी सांगितलं, "फॉरेस्टचं पत्र आणा, आम्ही जागा बदलतो. नाहीतर दरवर्षीप्रमाणे तिथंच." पत्रावर सही आरएफओ साहेबांची लागते. साहेब सही करणार जबाब बघून. आणि रविवारी अंधारात शंभरेक माणसं कडेवर पोरं घेऊन त्या थडग्यांमध्ये जाणार की नाही, हे त्या सहीवर.

तर जबाब. रूथमावशी म्हणाली, अंधार होता, बिबट्या एक होता, उभा होता. सुमनबाई म्हणाली, चांगलं फटफटलं होतं, दोन होते, एक बसलेला. एस्तेर म्हणाली, "मी फक्त शेपूट पाहिली. मग बादली माझ्याच अंगावर सांडली आणि मी पळाले. सासूला तिथंच सोडून पळाले." हे तिनं सासूच्या शेजारी बसून सांगितलं. तिच्या केसांत अजून चुना होता. रूथमावशीनं तिच्याकडे एकदा पाहिलं आणि मान फिरवली.

मी साहेबांना फोन लावला.

"एक की दोन?"

"साहेब, एक म्हणते एक, दुसरी म्हणते दोन."

"अंधार की उजेड?"

"तेही तसंच आहे."

"पाटील, हे काय जबाब झाले? तिघींचा मिळून एक नीट जबाब करा. नाहीतर अफवा म्हणून फाइल बंद करा."

साहेब बाहेरचे होते, पण माणूस वाईट नव्हता. मी कामाला लागलो. बिबटे दोन, वेळ सव्वासहा, दोन्ही बसलेले. झकास, एकसारखा जबाब. तो रूथमावशीला वाचून दाखवला, आणि तिनं पेन परत दिलं.

"मावशी, सही करा, म्हणजे आजच पत्र मिळेल."

"मिळू दे की. पण मी एकच पाहिला."

"बरं, एक लिहितो."

"मग मी नाही सही करणार," सुमनबाई म्हणाली. "मी दोन पाहिले."

सकाळपासून अख्खा पाडा त्यांना हसत होता. माझ्या कागदावर सही केली असती तर तिघी खऱ्या ठरल्या असत्या. पण दोघीही जागच्या हलायला तयार नाहीत. माझं डोकं तापलं. मी वही मिटली आणि म्हणालो, "ठीक. अफवा म्हणून लिहितो. तुमचंच आपसात जुळत नाही, तर मी काय करू?"

इथं दानिएल गुरुजी बोलले. तोपर्यंत ते कोपऱ्यात बसून मोहाची वाळलेली फुलं निवडत होते. गुरुजी म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक आणि मंडळीतले वडीलधारे. दर नाताळाला मी त्यांच्याकडे कोंबडी खायला जायचो आणि हात धुऊन झाले की त्यांच्या धर्माशी वाद घालायचो. माझा मुद्दा ठरलेला. येशूची गोष्ट सांगणारी तुमची शुभवर्तमानं चार, आणि त्यात मेळ नाही. कबरीपाशी एक म्हणतो देवदूत एक, दुसरा म्हणतो दोन. एकात अंधार, दुसऱ्यात सूर्य उगवलेला. जुळत नाही म्हणजे खोटं. हा मुद्दा मला फार आवडायचा.

"पाटील," गुरुजी म्हणाले, "ती तुमची कुत्र्यांची केस सांगा ना."

ती केस मी कुणीही कधीही विचारली तरी सांगतो. एका गावात शेळ्या मेल्या होत्या आणि बिबट्यानं मारल्या असं पाच जणांनी सांगितलं. पाचही जबाब शब्दाला शब्द सारखे. पाचही जण म्हणाले, पाच वाजून दहा मिनिटं झाली होती. त्यातल्या तिघांकडे घड्याळ नव्हतं. मी तिथंच ओळखलं. खरं पाहिलेली माणसं मोठी गोष्ट सारखी सांगतात आणि बारीकसारीक वेगवेगळी. घोकून आलेली माणसंच मिनिटासकट सारखी सांगतात. शेळ्या कुत्र्यांनी मारल्या होत्या, बिबट्याचं नाव सरकारी भरपाईसाठी होतं.

हे सगळं मी हातवारे करून सांगितलं. गुरुजी ऐकत होते.

"मग या तिघींचं?"

"यांचं जुळत नाही ना."

"म्हणजे घोकलेलं नाही."

मी मिटलेली वही परत उघडली.

"मोठी गोष्ट काय? पोलीसपाटलाचं थडगं, बिबट्या, पळाल्या. हे तिघींचं सारखं आहे?"

"आहे."

"सून सासूसमोर सांगते की मी तुम्हाला टाकून पळाले. घरी जाऊन तिचं काय होणार आहे, तुम्हाला माहीत आहे. असलं खोटं कुणी रचेल?"

रूथमावशी म्हणाली, "ते मी घरी बघते."

"आता आमचं," गुरुजी म्हणाले, आणि मला कळलं की आपण फसलो. "येशूची कबर रिकामी आहे हे पहिल्यांदा बायांनी सांगितलं, आणि त्या काळी तिथं बायांच्या साक्षीला फारशी किंमत नव्हती. गोष्ट रचायचीच असती तर पहिले साक्षीदार म्हणून कुणी बाया घेतल्या असत्या? कुणीतरी वजनदार माणूस घेतला असता. आणि मुख्य शिष्य, ज्यानं पुढे मंडळी चालवली, तो येशूला पकडल्यावर घाबरून म्हणाला की मी या माणसाला ओळखतच नाही. हे आमच्याच पुस्तकात लिहिलंय. स्वतःच्या पुढाऱ्याची अशी फजिती कोण लिहून ठेवतो? पुढं या लोकांना मार पडला, तुरुंगात टाकलं. शब्द फिरवला असता तर सुटले असते. नाही फिरवला."

"गुरुजी, माणसं मनापासून चूकही सांगू शकतात," मी म्हणालो. वकिली मलाही येते.

"शकतात. एवढ्यानं तुम्हाला विश्वास ठेवावाच लागेल, असं मी म्हणत नाही. विश्वास त्यापुढची गोष्ट आहे. पण जुळत नाही म्हणून खोटं, हे तुमच्याच नियमात बसत नाही. अफवा म्हणून फाइल बंद करायच्या आधी एकदा जागेवर जाऊन बघायचं असतं. बिबट्याचं पण तसंच, आणि आमचं पण."

मला राग आला. गुरुजींचा नाही, कुत्र्यांच्या केसचा. ती मी त्यांना इतक्यांदा सांगायला नको होती. मी तिघींचे जबाब जसेच्या तसे लिहिले आणि सह्या घेतल्या.

शनिवारी सकाळी सहाला मी वनरक्षक मगनला घेऊन कब्रस्तानात गेलो. जागा दाखवायला तिघी आल्या होत्या, त्या पलीकडच्या बांधावर थांबल्या. तेवढ्यात बायकोचा फोन.

"हळद शे आज. तुम्ही कोठे शेतस?"

"कब्रस्तानमा शे."

"हळदना दिवशी कब्रस्तानमा काय करी ऱ्हायनात?"

उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि पोलीसपाटलाच्या थडग्यामागनं बिबट्या बाहेर आला. वीसेक फुटांवर असेल. त्यानं माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की जणू माझीच चौकशी चालू आहे.

अशा वेळी काय करावं याचं ट्रेनिंग मी स्वतः गावोगाव दिलेलं आहे. पळू नये. पाठ दाखवू नये. शांतपणे हळूहळू मागे सरकावं.

"पया साहेब, पया!" मगन ओरडला, पण तो आवाज फाटकापलीकडून आला. तो आधीच पळाला होता. मीही पळालो. एक बूट निघाला. समोर कंपाउंडची भिंत होती, साडेसहा फुटांची. तिच्यावर मी कसा चढलो ते मला आजही सांगता येणार नाही. बिबट्या उलट्या दिशेनं ओढ्यात निघून गेला. मग लक्षात आलं की मला भिंतीवरून उतरता येत नाही. शेवटी एस्तेरनं चर्चची शिडी आणली. फोन चालूच होता, आणि बायको विचारत होती, "कोण बोंबली ऱ्हायनं?"

गुरुजींच्या ओट्यावर रिपोर्ट लिहायला बसलो. लिहिलं, 'सुरक्षित अंतरावरून निरीक्षण केले.' शोभून दिसत होतं. मग समोर पाहिलं, तर रूथमावशी पाण्याचा तांब्या घेऊन उभी. पत्रासाठीसुद्धा तिनं एकाचे दोन केले नव्हते. मला लाज वाटली. ते वाक्य खोडलं आणि लिहिलं:

'वन्यप्राणी बिबट वीस फुटांवर दिसताच निम्नस्वाक्षरीकार तेथून पळाला. पळताना उजव्या पायातील बूट निघाला. निम्नस्वाक्षरीकार भिंतीवर चढला. उतरता न आल्याने एस्तेरबाई यांनी शिडी आणून दिली.'

निम्नस्वाक्षरीकार म्हणजे खाली सही करणारा. म्हणजे मी.

साहेबांनी रिपोर्ट दोनदा वाचला.

"पाटील, हे तुम्ही स्वतःहून लिहिलंत?"

"हो साहेब."

"ठसे?"

"माझेच आहेत साहेब. एका पायाचे."

साहेबांनी सही केली. "असलं कुणी स्वतःबद्दल खोटं लिहीत नाही," म्हणाले. पाड्यात पत्र पोचलं आणि उपासना शाळेच्या मैदानावर हलली. मी साध्या चपलांवर रनाळ्याला हळदीला गेलो आणि तिथं बायकोकडून माझी किती खरडपट्टी निघाली ते इथं सांगत नाही.

रविवारी पहाटे गस्तीला साहेब स्वतः आले. आम्ही जीप कब्रस्तानाच्या फाटकाशी लावली. शाळेच्या बाजूनं गाण्याचा आवाज येऊ लागला, त्यात लहान पोरांचे आवाज स्पष्ट कळत होते. आणि त्याच वेळी पोलीसपाटलाच्या थडग्यावर बिबट्याची मादी येऊन बसली. जरा वेळानं मागच्या झुडपातून तिचं पिल्लू आलं. शुक्रवारी रूथमावशी जिथं उभी होती तिथून ते झुडूप दिसत नाही. सुमनबाईच्या जागेवरून दिसतं. एकीचा एक खरा होता, दुसरीचे दोन खरे होते.

पिल्लू बरोबर असलेली मादी कुणाचं ऐकत नाही. ती गाणारी पोरं आज इथं असती तर, हा विचार आला आणि मी शाळेकडे वळून पाहिलं. मग साहेबांकडे पाहिलं. ते सीटच्या खाली होते.

दोन आठवड्यांत मादी पिल्लाला घेऊन वरच्या डोंगरात निघून गेली. पुरुष मंडळींनी तिघींची माफी मागितली, म्हणजे त्या वर्षी उरलेला चुना त्यांनी मारला. साहेबांच्या रिपोर्टात 'वाहनातून निरीक्षण केले' एवढंच होतं. गुरुजींना ते सांगितलं तेव्हा ते बराच वेळ हसत राहिले.

"मग पाटील, आमच्या पुस्तकांचं काय?"

"वाचतोय," मी म्हणालो. खरंच वाचत होतो. अजून वाचतो. मी आहे तिथंच आहे, कोंबडीही खातो, पण जुळत नाही म्हणून खोटं, हे वाक्य मी तोंडातून काढत नाही.

आता रिटायर झालो, तरी ईस्टरला बोलावणं असतं. उपासना झाली की तिघी ती गोष्ट सांगतात. रूथमावशी मला भिंतीवर चढवते. सुमनबाई चिंचेच्या झाडावर चढवते. एस्तेर म्हणते, शिडी लावून फाटकावरून उतरवले, आणि बूट डाव्या पायाचा गेला होता. दर वर्षी त्यांचं भांडण होतं, आणि दर वर्षी नवीन आलेलं कुणीतरी मला हळूच विचारतं, की या बाया सांगतात त्यात खरं किती?

मी पळालो, हे मात्र तिघींच्या सांगण्यात असतं. आणि मी पळालो होतो.