न पाहिलेला गोलकीपर

हे मी आजवर कुणापाशी बोललेलो नाही. बापाजवळ नाही, ज्यांच्यासोबत घसा फुटेस्तोवर घोषणा दिल्या त्या साथींजवळ नाही. तुमच्याजवळ बोलतो आहे — का, ते मलाही नीट सांगता येणार नाही. कदाचित तुम्ही मला ओळखत नाही म्हणून.

आधीच सांगून टाकतो, मी कुणाचा खून केलेला नाही. मी फुटबॉलवर एक लेख लिहिला. हसलात? हसा. मीसुद्धा बरेच दिवस हे हसण्यावारीच नेलं.

आमच्या चंद्रपूरच्या घरात देव्हारा नव्हता. ज्या कोनाड्यात तो असता तिथे बाबांची पत्र्याची पेटी होती, आणि पेटीत पत्रकं. सभेची, संपाची, धम्मदीक्षेच्या वर्षापासून जपलेली. बाबा खाणीतून आले की आंघोळ करून विहारात जायचे आणि जमलेल्या वस्तीला ती वाचून दाखवायचे. मी अक्षरं शिकलो ती पाठ्यपुस्तकातून नाही, 'बंधूंनो आणि भगिनींनो' यातून. बाबा म्हणायचे, छापून आलेलं एक वाक्य खोटं निघालं की लोक बाकीच्या शंभरांवरचा विश्वास काढून घेतात. हे मी ऐकत मोठा झालो — म्हणजे मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

बाविसाव्या वर्षी मी एका साप्ताहिकात लिहायला लागलो. चार पानं, पायानं चालवायचं मशीन, संपादक नानाभाऊ. ते वर्ष मेक्सिकोच्या वर्ल्डकपचं. ज्यांच्या घरी टीव्ही त्यांच्या अंगणात अख्खा मोहल्ला, आणि पावसाळा संपता संपता आमच्याकडची फुटबॉल लीग सुरू व्हायची होती. जिल्ह्याचे दोन होऊन चार वर्षं झाली होती, पण लीग अजून एकच होती; चंद्रपूरवाले आणि गडचिरोलीवाले तेवढ्यासाठी एकत्र येत. नानाभाऊ म्हणाले, पाच संघ आहेत, प्रत्येकाचा सराव पाहून ये आणि कोण कसा खेळेल ते लिही. एकेक संघाचं बलस्थान, एकेकाची दुबळी बाजू.

मला फुटबॉल कळत नव्हता. हा माझा गुन्हा नव्हे, तो तर फक्त विनोद आहे. मला वाटायचं, ज्याला समाज कळतो त्याला फुटबॉल वेगळा काय कळायचा? मी लिहिलेलं मला अजून पाठ आहे. भद्रावतीच्या कॉलनीच्या संघाबद्दल — 'बूट सर्वांना, पण बचावफळी नोकरशाहीसारखी. चेंडू आला की पुढे पाठवते, निर्णय कोणीच घेत नाही.' कोरपन्याकडच्या सिमेंटवाल्यांबद्दल — 'भांडवल भक्कम, पाया ठिसूळ.' गडचिरोलीचा संघ सरकारी नोकरांचा, त्यांना मी एकाच ओळीत निकालात काढलं — 'निम्मे खेळाडू बदलीच्या ऑर्डरची वाट पाहत आहेत.' आणि खाणीचा संघ? तो श्रमिकांचा. 'विजय अटळ.'

पाचवा संघ सावली गावाचा. वैनगंगेच्या अंगाला, धानाच्या पट्ट्यातला. बहुतेक पोरं अनवाणी खेळणारी, शेतात रोजीनं जाणारी. त्यांचे प्रशिक्षक म्हणजे तिथल्या शाळेतले मनोहर गुरुजी. खाण दरवर्षी लीग पाहून एखाददुसऱ्या खेळाडूला कामावर घ्यायची, कायम नोकरीवर. भद्रावतीच्या पोरांना त्याचं काही नव्हतं. सावलीची पोरं मात्र त्यासाठीच खेळायची. हे मला माहीत होतं. मीच तर दुसऱ्या एका लेखात त्यावर आग ओकली होती.

चार संघ मी पाहिले. सावलीला जायच्या दिवशी मी एसटी स्टँडवर गेलोसुद्धा. पण त्याच दुपारी चंद्रपुरात एक सभा होती आणि ऐनवेळी एक वक्ता आजारी पडला होता. मला बोलायला मिळणार होतं. मूल गावावरून सावलीला जाणारी बस समोर उभी — मी तिच्याकडे पाठ फिरवली आणि सभेला गेलो. विषय काय होता, सांगू? 'खेड्यातल्या तरुणाकडे कोण पाहणार?' चाळीस मिनिटं बोललो. टाळ्या पडल्या.

मग सावलीबद्दल काय लिहायचं? गुरुजींनी पोस्टानं पाठवलेली अकरा नावांची यादी तेवढी हाताशी. बलस्थान सोपं होतं, 'मातीतली जिद्द' लिहून मोकळा झालो. दुबळी बाजू अडली. नानाभाऊ पानाची जुळणी करून थांबलेले. मी विचार केला, असं काही लिहावं जे कोणत्याही संघाला लागू पडेल. टीव्हीवर ऐकलेलं एक वाक्य आठवलं. यादीतलं पहिलं नाव गोलकीपरचं होतं, ते घेतलं आणि लिहिलं — 'गोलकीपर सुखदेव उंच चेंडूला बिचकतो.'

कोणता गोलकीपर उंच चेंडूला थोडाफार बिचकत नाही?

आता यातली खरी गंमत ऐका. त्याच्या सहा महिने आधी मी एक पत्रक काढलं होतं, कुडमुड्या ज्योतिष्यांविरुद्ध. त्यात तिसऱ्या पानावर ठळक टाइपात समजावलं होतं की हे लोक सगळ्यांना लागू पडेल असं मोघम बोलतात, खरं निघालं ते लोक लक्षात ठेवतात आणि खोटं निघालं ते विसरतात. त्या पत्रकाच्या उरलेल्या प्रती ऑफिसात माझ्याच टेबलाखाली होत्या. त्यांवर पाय ठेवून मी हे वाक्य लिहिलं.

पुढचं मला मनोहर गुरुजींनी सांगितलं, लीग संपल्यावर, अगदी निर्मळ मनानं. अंक सावलीला पोचला. गुरुजींनी शाळेच्या व्हरांड्यात संघाला बसवून तो मोठ्यानं वाचला. चंद्रपूरच्या पेपरात आपलं नाव, तेही छापील. कुणी म्हणालं नाही की हे खोटं आहे. सुखदेवसुद्धा नाही. गुरुजींना वाटलं, आपण रोज पाहतो म्हणून आपल्याला दिसलं नसेल, बाहेरच्या माणसाला बरोबर दिसलं. दुसऱ्या दिवसापासून सकाळ-संध्याकाळ त्याच्यावर उंच चेंडूंचा मारा सुरू. प्रत्येक चेंडूआधी कुणीतरी ओरडायचं, सुखदेव, सांभाळ रे.

आणि हा सुखदेव होता कोण? धान कापल्यावर पेंढ्यांची उंच गंजी रचतात, तिकडे तिला पुंजणं म्हणतात. खालून दोघं-तिघं पेंढ्या भिरकावतात आणि वर एकटा माणूस त्या झेलून रचत जातो. सुखदेव सोळाव्या वर्षापासून वर उभा राहायचा. त्याच्यासाठी लोक आपलं पुंजणं एक दिवस थांबवायचे. गुरुजींनी त्याला संघात घेतलं ते यामुळेच. 'वरचं झेलनं हाच त त्याचा हात होता जी,' गुरुजी मला म्हणाले, 'अन् आमाले ते दिसलंच नाई, तुमी दाखवलं.'

ज्या माणसानं आयुष्यात कधी वरून येणाऱ्या वस्तूचा विचार केला नव्हता, तो पंधरा दिवसांत विचार करायला शिकला. आणि विचार आधी आला की हात मागून येतात.

पहिला सामना भद्रावतीशी. त्यांच्या कप्तानाच्या खिशात माझ्या लेखाचं कात्रण होतं, मी डोळ्यांनी पाहिलं. मधल्या रेषेच्या अलीकडूनच ते चेंडू आभाळात उडवायचे. चार गोल झाले. पहिल्या गोलला सुखदेवचे हात वर गेले आणि हवेतच थबकले — जणू कुणी मागून नाव घेऊन हाक मारली. माझ्या शेजारी पानाचा तोबरा भरून बसलेले एक काका म्हणाले, पेपरवाल्यानं बराबर सांगतलं होतं. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं, ओळखलं, आणि सरकून मला बसायला जागा करून दिली.

मी बसलो. मला — आता लपवून काय करू — बरं वाटलं.

बाकीचं माझं सगळं भविष्य धुळीला मिळालं. ज्यांचा विजय अटळ होता तो खाणीचा संघ ठिसूळ पायाच्या सिमेंटवाल्यांकडून पाच गोलांनी हरला. बदलीच्या ऑर्डरची वाट पाहणारे गडचिरोलीवाले पहिले आले. एकानंही मला जाब विचारला नाही. सगळ्यांच्या तोंडी एकच — त्या सावलीच्या गोलकीपरचं काय अचूक लिहिलं. नानाभाऊंनी मला खेळाचं पान देऊन टाकलं. चौकात लोक थांबवून विचारायचे, भाऊ, पुढची मॅच कोण मारन?

भद्रावतीचा तो पहिला सामना संपल्यावर सुखदेव मला शोधत आला होता. उंच, काळा, गुडघे फुटलेले. मला वाटलं शिव्या देईल. मी मनात उत्तरही तयार केलं, पत्रकारितेच्या स्वातंत्र्याबद्दलचं. तो माझ्यासमोर अदबीनं उभा राहिला.

'भाऊ, मले त माईतच नोहतं. तुमी लिवलं म्हून समजलं. तुमी कुठून पायलं मले?'

तेव्हा सांगता आलं असतं. तीन शब्दांचं काम होतं — मी पाहिलंच नाही. सुखदेव मोकळा होऊन घरी गेला असता, दोनचार शिव्या मला घालून. मी म्हणालो, 'तुमच्या मैदानाच्या कडेला चिंच आहे ना, तिच्याखाली उभा होतो.'

तो जरा घुटमळला. 'आमच्या फिल्डात चिंच नाई जी.'

मग त्यानंच मान हलवली. 'शायेमागची असन. तिथून बी दिसते म्हना, थोडं वाकलं त.' आणि मला अवघड वाटू नये म्हणून हसला. मी बनवलेल्या खोट्याला त्यानं स्वतःच्या गावातलं, शाळेमागचं झाड आणून लावलं. का? कारण मी छापणारा माणूस. त्याच्या घरीही बहुधा बाबांसारखं कुणीतरी होतं, छापलेलं कपाळाला लावून मग वाचणारं.

तुम्हाला वाटत असेल, हाच तो कबुलीजबाब. मीही हे असंच सांगायचं ठरवलं होतं, इथवर येऊन थांबायचं. वाक्य लिहिलं, ते लागलं, एक थाप मारली. नवखा होतो. पण हे सगळं माझ्या हातून झालं असं म्हणता येतं. यापुढचं मी केलं.

पुढच्या सामन्यांत सुखदेव सावरत गेला. जमिनीलगतचे चेंडू तर तो मांजरासारखा पकडायचा. खाणीविरुद्ध त्यानं एक पेनल्टी अशी अडवली की विरुद्ध बाजूचे कामगार उठून उभे राहिले. लीग संपल्यावर खाणीच्या खेळाच्या साहेबांनी मला कचेरीत बोलावलं. माणूस सज्जन. त्यांच्यासमोर कागदावर दोन नावं होती, सुखदेवचं आणि कोरपन्याकडच्या एकाचं. जागा एक.

ते म्हणाले, 'पोट्टा मले आवडला. पण ते उंच चेंडूचं खटकते. तुमी त्याले आधीपासून पायलं आहे. शिकवलं त सुधरन का?'

खोलीत आम्ही दोघंच होतो. बाहेर व्हरांड्यात कुणी कान लावून उभं नव्हतं. सत्य सांगितलं असतं तर ते त्या चार भिंतींतच राहिलं असतं; साहेब चार घटका हसले असते फार तर. पण मग माझं ते एक वाक्य गेलं असतं. पाच संघांपैकी एकाच संघाबद्दल मी अचूक ठरलो होतो, आणि नेमका तोच मी पाहिला नव्हता. तेवढ्या भांडवलावर माझं पान चाललं होतं, चौकातली हाक चालली होती. आणि — हेही सांगतो — मला तोवर स्वतःलाच वाटायला लागलं होतं की मी ते पाहिलं आहे. चिंचेखालून. थोडं वाकून.

मी जरा वेळ घेतला. जाणकार माणसं घेतात तसा. म्हणालो, 'कठीण आहे साहेब. ते उपजत असतं.'

याला आता तीन वर्षं झाली. सुखदेव गोलमध्ये उभा राहणं त्याच हंगामानंतर सोडून बसला. गुरुजींच्या पत्रातून कळलं, पुंजण्यावरही आता तो खालून पेंढ्या देतो, वर दुसरा कुणी चढतो. हे गुरुजींनी सहज लिहिलं होतं, शेवटी, पावसापाण्याच्या ओळीनंतर. मी त्या पत्राला उत्तर दिलं. चांगलं लांब दिलं. त्यातही हे लिहिलं नाही.

त्या दिवशी कचेरीत माझं उत्तर ऐकून साहेबांनी पेन्सिल उचलली आणि सुखदेवच्या नावावर सावकाश रेघ ओढली. मग कागद बाजूला सारून म्हणाले, चहा घेता ना? मी घेतो म्हणालो. चहाबरोबर बिस्किटं आली. मी तीही खाल्ली.