घरची काच

"मॅडम, तुमचं कधी हाड मोडलंय का?"

मी जळगावच्या कॉलेजात रुजू झाले त्या दिवशी स्टाफरूममध्ये सरोदे सर माझ्याशी पहिलं वाक्य हे बोलले. नाव, गाव, विषय, काही विचारलं नाही. मी नाही म्हटल्यावर त्यांचा चेहरा चांगलाच उतरला. "बरं, मोडलं तर कळवा," म्हणाले आणि अर्धा चहा टेबलावर तसाच टाकून निघून गेले. बाकीचे हसले. मला मात्र राग आला. पहिल्याच दिवशी हे असलं अभद्र बोलणं!

सर रसायनशास्त्र शिकवायचे आणि उरलेल्या वेळात हाडात घालायची काच बनवायचे. वाळूतलं सिलिका, चुना, सोडा आणि थोडं फॉस्फरस एकत्र वितळवून केलेली ही काच हाडातल्या पोकळीत भरली, की शरीरातल्या पाण्यात हळूहळू विरघळू लागते. विरघळताना तिच्या अंगावर हाडासारखाच एक थर चढतो, त्या थराला हाडाच्या पेशी येऊन चिकटतात, आणि काच जागा सोडत जाते तसं हाड ती जागा धरत जातं. मी वनस्पतिशास्त्राची, पण आमच्या दोन प्रयोगशाळांमध्ये एकच भिंत, त्यामुळे हे सगळं मला इच्छा नसतानाही पाठ झालं. "धातूची पट्टी म्हणजे भाडेकरू, मॅडम. एकदा शिरली की निघायचं नाव नाही," ते म्हणत. "ही आपली गवंडी. घर बांधून देते आणि चालू पडते."

माणसाने अस्वस्थ तरी किती असावं! फळ्यावर समीकरण लिहिता लिहिता सर दारापर्यंत जाऊन यायचे. डबा उभ्यानेच खायचे. बोलताना समोरच्याच्या टेबलावरची पेनं इकडची तिकडे करायचे, आणि ते गेल्यावर आपलं टेबल आपल्यालाच ओळखू यायचं नाही. जळगावच्या मे महिन्यात, जिथे माणसं दुपारी दाराबाहेर पाय काढत नाहीत, तिथे हे चौदाशे अंशांच्या भट्टीसमोर उभे. "सर, भट्टी कशाला पेटवता? वाळू गच्चीवर ठेवा, संध्याकाळपर्यंत काच तयार," असं मी एकदा म्हटलं. त्यांनी क्षणभर खरंच विचार केला.

भट्टीतून काढलेला रस थंड पाण्यात एकदम ओतावा लागतो. हळूहळू निवू दिला तर त्यात स्फटिक धरतात आणि काच हवी तशी होत नाही. ओतताना भिंतीपलीकडून स्फोटासारखा आवाज यायचा, माझ्या कुंड्या हादरायच्या, आणि पाठोपाठ सरांचा आनंदी आवाज: "ह्या एका कामाला घाई लागते, मॅडम! देवाने माझ्यासाठीच ठेवलंय!" पण पुढचं सगळं काम वाट पाहण्याचं. काचेचा तुकडा खारट पाण्याच्या बाटलीत, शरीराएवढ्या उबेत आठवडेच्या आठवडे ठेवायचा आणि थर चढतो का ते पाहायचं. सरांना ते कुठलं जमायला? येता-जाता बाटली उचलायची, उजेडात धरायची, हलवायची. कोवळा थर गळून जायचा. शेवटी त्यांच्या विद्यार्थिनींनी युक्ती केली. खऱ्या बाटल्या माझ्या बियाण्यांच्या कपाटात कुलपात ठेवल्या आणि सरांच्या टेबलावर नुसत्या पाण्यात बुडवलेला खिडकीच्या काचेचा तुकडा ठेवला. सर महिनाभर तो हलवत होते. मी कपाटाची किल्ली कमरेला लावून हिंडत होते. कळल्यावर ते भडकले, मग म्हणाले, "ठीक केलंत. किल्ली तुमच्याकडेच राहू द्या. मागितली तरी देऊ नका."

ही घाई कशाची, ह्याचा पहिला अंदाज आबा आले तेव्हा आला. आबा म्हणजे सरांचे थोरले भाऊ. बोदवडकडच्या गावात घरची केळी आणि कापूस. सर शिकत असताना केळ्यांनी भरलेली ट्रॉली आबांच्या नडगीवर उलटली होती. हाड कसंबसं सांधलं, पण आत पू धरला. जखम भरायची, पुन्हा फुटायची, वर्षानुवर्षं. आबा काठी टेकत आमच्या विभागासाठी केळीच्या फण्या घेऊन आले होते. भावाची येरझार पाहून मला म्हणाले, "मॅडम, हा झोक्यात बी एका जागी नव्हता. मायचा हात दुखून जाये." सर हसले नाहीत. ते आबांच्या पायाला गुंडाळलेल्या फडक्याकडे पाहत होते.

पुढच्या वर्षी धुळ्याच्या हाडांच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं: सडलेलं हाड खरवडून त्या पोकळीत ह्याच जातीच्या काचेचे तयार दाणे भरू, ते जंतूंनाही वाढू देत नाहीत. पण आता उशीर केलात तर पाय काढावा लागेल. आबा लगेच तयार झाले. माझं माहेर धुळ्याचं, म्हणून ऑपरेशनच्या दिवशी मी सरांबरोबर गेले. एरंडोल, पारोळा, सगळा रस्ता त्यांचा हात शर्टाच्या खिशावर. आत त्यांच्या काचेच्या दाण्यांची कुपी होती.

"ही कशाला आणलीत?" मी विचारलं.

"ठाऊक नाही," ते म्हणाले.

दवाखान्यात वेगळाच गोंधळ. दाणे बाजारातून आणलेले आहेत हे आबांना तिथे कळलं होतं आणि ते ऑपरेशनला नाही म्हणून बसले होते. त्या घरात घरी पिकतं ते विकत आणायची रीतच नव्हती. दूध घरचं, डाळ घरची, पाहुण्याच्या ताटातलं केळंसुद्धा घरच्या बागेतलं. भाऊ हाडाची काच बनवतो हे गावभर सांगून झालं होतं. "घरची काच असतानी बाहेरची काह्याले?" आबा म्हणाले. "त्याच्या हातची असीन तं टाका. नाही तं राहू द्या."

डॉक्टरांनी सरांना बाजूला घेतलं. "अहो, हो म्हणून टाका. दाणे सगळे सारखेच दिसतात. त्यांना काय कळणार?" मलाही ते पटलं. पाय वाचत असेल तर एवढ्याशा खोट्याचं काय घेऊन बसायचं?

सर आत गेले, मागून मीही गेले. ते पलंगाच्या कडेचा ढिला स्क्रू फिरवत राहिले.

"आबा, माही काच नाही टाकत."

"काहून?"

"ती अजून कोनाच्याच हाडात गेली नाही. सशाच्या बी नाही. बाटलीतच हाये."

"मंग माह्या पायात टाकून पाह्य. मी का सशापेक्षा कमी हाये?"

नर्सला हसू फुटलं. सर म्हणाले, "अन् तिच्यात खोट निघाली तं? इतके वर्सं केलं आबा, पन ती मानसाच्या अंगात काय करीन, मले माहीत नाही."

"कधी माहीत होईन?"

"लय वर्सं लागतीन." स्क्रू निघून त्यांच्या हातात आला. "तुह्या पायासाठीच सुरू केली होती. तुह्या पायाले नाही पुरत ती."

मी भिंतीकडे तोंड फिरवलं. इतकी वर्षं ज्या घाईची मी टिंगल केली, तिच्या पोटात हे होतं. मला रडू आलं आणि ते लपवताही आलं नाही.

आबांनी पायावरचं फडकं सारखं केलं. "आधी सांगाचं ना," म्हणाले. "मी गावात सांगून बसलो." मग नर्सला म्हणाले, "चाला, बाई. टाका बाजारातली."

"बठ्ठं बरं व्हई जाई, आबा," ती म्हणाली.

झालंही तसंच, सगळं बरं. पण सरांना चैन कुठलं? दर खेपेचा एक्स-रे ते खिडकीशी नेऊन उलटा-सुलटा पाहायचे. आधी ठळक दिसणारे पांढरे दाणे पुढे पुसट होऊ लागले तेव्हा आबा घाबरले. "काच कुठी गेली?" सर म्हणाले, "जायालेच आली होती ती." जखम मिटली ती पुन्हा फुटली नाही. दुसऱ्या वर्षी आबांनी काठी गोठ्यात टाकून दिली.

मला वाटलं, आता तरी हा माणूस निवांत होईल. उलट घाई वाढली. "आबासारखे किती असतील, मॅडम," एवढंच म्हणायचे. त्यांच्या काचेला सशांवरच्या चाचणीची परवानगी मिळाली त्याच हिवाळ्यात छातीत दुखू लागलं. त्यांनी ते पित्तावर ढकललं, वर सोडा प्यायले. मी भांडले, डॉक्टरांची वेळ घेतली. "सोमवारी जातो," म्हणाले. शनिवारी सकाळी प्रयोगशाळेच्या पायऱ्या चढताना कोसळले, ते उठलेच नाहीत. दुसऱ्याच्या हाडासाठी जन्मभर धावलेल्या माणसाला स्वतःच्या काळजासाठी एक दिवस काढता आला नाही, ह्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

त्यांना गावी नेलं. बायकांना दाराशीच थांबवलं, तिथून मी पाहत होते. तिरडी उचलताना पुढच्या दांडीला आबा गेले. कुणीतरी म्हणालं, "आबा, तुमी नका. पाय हाये तुमचा." आबांनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. वाटेत माणसं खांदा बदलायला पुढे येत होती आणि आबा मान हलवून त्यांना मागे सारत होते. पिंपळापाशी रस्ता वळेपर्यंत मला ते दिसत होते. धाकट्या भावाचं ओझं खांद्यावर घेऊन ते सरळ, जराही न लंगडता चालले होते.