जिल्हाअप्पांची फाईल

विरूपाक्षअप्पा उदगीरच्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, रिकामी पोती विकायचे, पण त्यांना पोतीवाले कुणी म्हणत नसे. सगळे जिल्हाअप्पाच म्हणत. उदगीरचा वेगळा जिल्हा व्हावा म्हणून जी समिती होती, तिचे ते सरचिटणीस. उस्मानाबादेतून लातूर वेगळं निघालं तेव्हा अप्पा तरणे होते. शेजारी बारसं झालं म्हणजे आता आपल्याही घरी पाळणा हलणार, असं त्यांनी तेव्हाच ठरवून टाकलं. पुढे अप्पांचे केस पांढरे झाले, पाळणा काही हलला नाही.

दुकान घराला लागूनच होतं. मागे भिंतीपर्यंत बारदान्याची, म्हणजे तागाच्या पोत्यांची थप्पी, पुढे गादी. थप्पीला पाठ टेकून अप्पा बसत आणि समोर समिती बसे. कलेक्टर कचेरी कुठल्या माळावर, कोर्ट कुठे, यावर अशी भांडणं होत की बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी. मुखेड तालुका नांदेडमधून काढून आपल्यात घ्यायचं पक्कं झालं होतं. मुखेडच्या लोकांना तेवढं विचारायचं राहिलं होतं. शिरूर अनंतपाळ नकाशात कधी आत असे, कधी बाहेर. अध्यक्ष महादेवप्पांचे व्याही तिथले होते आणि दोन्ही घरांचं ज्या महिन्यात जसं पटे, तशी जिल्ह्याची हद्द सरके.

हे सगळं अप्पांनी कॉम्प्युटरवर चढवलं होतं. सिद्धलिंगानं, म्हणजे कॉम्प्युटर विकणाऱ्यानं, त्यांना एक चित्र करून दिलं होतं. पडद्यावरच्या त्या चित्रावर दोनदा टिचकी मारली की रंगीत नकाशे एकामागून एक येत. मशीनच्या पोटात ते नकाशे कुठे राहतात याची अप्पांनी कधी चौकशी केली नाही. दिवा लावताना वीज कुठून येते ते कोण विचारतं?

लातूरला रेल्वेनं पाणी आलं, त्या उन्हाळ्यातली ही गोष्ट. उदगीरातही नळ कोरडे होते आणि गल्लीत टँकर कधी येईल ते टँकरवाल्यालाच ठाऊक. दुष्काळाबद्दल अप्पांचं मत साधं होतं: जिल्हा झाला की पाणी येईल. तोवर त्यांचा हात सैल होता. समितीचं माणूस आलं की तांब्या पुढे. महिन्यापूर्वी समितीच्या फलकावर धूळ बसली, तर दोन घागरी ओतून त्यांनी तो लखलखीत केला. अप्पांच्या पत्नी कमलम्मा तेव्हा काहीच बोलल्या नाहीत. त्या बोलत नाहीत तेव्हा काय समजायचं, हे इतका संसार करूनही अप्पांना कळलं नव्हतं.

अशात लातूरला मंत्री दुष्काळाची पाहणी करायला येणार असं कळलं. महादेवप्पांनी कुठून कुठून शब्द टाकून समितीसाठी दहा मिनिटं मिळवली. पडद्यावर काय दाखवायचं ते दाखवा, असंही सांगणं आलं. अप्पांना त्या रात्री झोप लागली नाही. निवेदनं त्यांनी पोत्यानं दिली होती, पण मंत्र्याला डोळ्यांनी जिल्हा दाखवायची वेळ पहिल्यांदाच येत होती, आणि या वयात दुसऱ्यांदा येईल असं त्यांना वाटत नव्हतं.

सकाळी त्यांनी ते चित्र उचलून पेनड्राइव्हमध्ये टाकलं. क्षणात गेलं. चित्राच्या कोपऱ्यात एक वाकडा बाण होता. फाईल निघाली अशी ती खूण असणार, असं समजून अप्पा खूश झाले. मग उरलेली बादली घेऊन त्यांनी स्कूटर धुतली, कारण सरचिटणीस धुळीच्या स्कूटरवरून एसटी स्टँडला जाणं बरं दिसत नाही.

लातूरच्या विश्रामगृहावर मंत्रिसाहेबांच्या माणसानं पेनड्राइव्ह लावला, चित्रावर टिचकी मारली, आणि पडद्यावर पाटी आली की हे ज्याच्याकडे बोट दाखवतंय ते इथे नाही. त्यानं पुन्हा मारली. पाटी तीच. महादेवप्पा त्यांच्याकडे असे बघत होते की शिरूर अनंतपाळचा व्याहीसुद्धा बरा. त्या माणसाला मात्र दया आली. तुमचा नंबर मागे टाकतो, तेवढ्यात घरून मागवा, असं तो म्हणाला.

अप्पा व्हरांड्यात पळाले. सिद्धलिंग हिमायतनगरला मशीन बसवायला गेला होता. त्यानं फोनवर समजावलं, की अप्पांनी नेली ती नुसती वाट दाखवणारी पाटी, घर जागेवरच आहे. सी नावाच्या कप्प्यात युझर्स, त्यात वापरणाऱ्याच्या नावाचं फोल्डर, त्यात कागदपत्रं. घरच्यांनी ते शोधलं की पाठवायचं कसं ते मी सांगतो.

अप्पांनी घरी फोन लावला. कमलम्मा सातवीपर्यंत शिकलेल्या. त्यांना वाचता येत होतं, आणि घरात दुसरं कुणी नव्हतं.

“मशीन चालू कर. सी उघड.”

“हाव, उघडलं.”

“आत युझर्स दिसतंय का?”

“दिसायलंय.”

“त्यात माझं नाव बघ.”

मागे भांड्यांचा खणखणाट झाला. लाईन खराब असेल, असं अप्पांना वाटलं.

“तुमचं नाव इथं कुठंच न्हाई,” कमलम्मा म्हणाल्या.

“नीट बघ की. खालून वर बघ.”

“बघायलेय. लई गर्दी हाय. ठेवा आता.”

फोन बंद झाला आणि पुन्हा लागला नाही. आत बोलावणं आलं. मंत्र्यांनी निवेदन घेतलं, आधी पाण्याचं बघू, जिल्ह्याचं नंतर, असं म्हणाले आणि फोटोसाठी उभे राहिले. नकाशाचं कुणी विचारलंही नाही. परतीच्या एसटीत महादेवप्पा मुद्दाम पुढच्या बाकावर बसले.

अप्पा घरी आले तेव्हा दिवस मावळत होता. कॉम्प्युटरवर सकाळचीच चादर होती, आणि चादरीवर सूप, सुपात फोडलेली चिंच. ते बघून अप्पांना सगळं समजलं आणि त्यांचं डोकं तडकलं. आयुष्यात एकदा काम सांगितलं, तेही करता आलं नाही का, असं ते बरंच काही बोलले. कमलम्मांनी सूप उचलून खाली ठेवलं.

“टँकर आल्ता,” त्या म्हणाल्या. “एका हातात नळी, एका हातात फोन. नळी सोडून तुमचा सी उघडाया येऊ का?”

चादर ओढून अप्पांनी मशीन चालू केलं आणि सिद्धलिंगाला फोन लावला. सी, युझर्स, सगळं तसंच निघालं. पण विरूपाक्ष नावाचं फोल्डर तिथे खरंच नव्हतं. होतं ते कमल. मशीन बसवलं त्या दिवशी अप्पा मोर्च्याला गेले होते. सिद्धलिंगानं नाव विचारलं, समोर कमलम्मा होत्या, त्यांनी आपलं सांगितलं. त्या फोल्डरात अख्खा नवा जिल्हा मुखेडसकट सुखरूप बसला होता. शेजारी एक फिकट रंगाचं फोल्डरही दिसत होतं. ते काय, असं अप्पांनी सिद्धलिंगाला विचारलं.

“प्रोग्रामांचं सामान हाय ते, ॲपडेटा. तसं लपवलेलंच असतंय, मीच कवातरी उघडं करून इसरलो आसंन.”

“माझ्या घरात माझ्यापासून लपवून?”

“वापरणाऱ्याच्या हाताला लागू नये म्हणून, अप्पा. लागलं की माणूस काहीतरी धुवाया-पुसाया जातोय.”

फोन ठेवून अप्पा उठले. दिवसभराची तहान आता कळली. स्वयंपाकघरातली घागर रिकामी. मोरीतल्या टिपाडात भांडी विसळलेलं पाणी. त्यांनी खाटेखाली बघितलं, कणगीमागे बघितलं, माळ्यावरही चढून बघितलं. टँकर आला होता, मग पाणी गेलं कुठे?

“पाणी कुठं ठेवलंयस?” त्यांनी शेवटी विचारलं.

“घरातच हाय.”

“मला सांगायला काय झालं?”

“तुम्हाला सांगितलं आसतं तर आतापस्तोर जिल्ह्याला वाटून झालं आसतं.”

कमलम्मा दुकानात गेल्या आणि तांब्या भरून घेऊन आल्या. पाणी गार होतं. वर तागाचा एक बारीक धागा तरंगत होता. अप्पांनी तो बोटानं काढला, बोटावर धरून बघितला, आणि त्यांना स्वतःची लाज वाटली. महिनाभर त्या थप्पीच्या पोटात पाणी होतं आणि ते तिलाच टेकून बसत होते. त्यांनी तांब्या रिकामा केला आणि धागा धोतराला पुसला.

दुसऱ्या दिवशी दुकानात समिती बसली. काल कुणाचं चुकलं यावर बोलणं सुरू होतं. अप्पा नेहमीसारखे थप्पीला टेकले होते, फक्त जरा जास्त रेलून. बोलून बोलून घसा सुकला तेव्हा महादेवप्पांनी पाणी मागितलं.

“पाणी कुठं असतंय ते घरच्यांना माहीत,” अप्पा म्हणाले. “मला न्हाई.”