नाक्यावर बैल राखणारा

त्याचं नाव मला कधी कळलंच न्हाई. निजामाच्या राज्यातली गोष्ट, मी तवा लहान पोरगी होते. फुटबॉलची फायनल पैनगंगेपलीकडं, इंग्रजी मुलखात होती. हिंगोलीहून आमी बैलगाड्या जुंपून निघालो. वाटंत तांड्यावरचा एक गाडीवान भेटला, त्याचा धाकटा भाऊच आमच्याकडून खेळणार होता.

पण नदीकाठच्या करोडगिरी नाक्यावर, म्हंजी जकात नाक्यावर, शिपायानं अडवलं, "माणसं खुशाल जावा, बैलाईला परवाना पाहिजे."

सगळे पायी निघाले. तो गाडीवान मात्र सगळ्याईच्या बैलाईजवळ बसला.

बाबा म्हणले, "अहो, तुमचा भाऊ खेळून राहिला अन् तुमी इथं?"

"त्याला तुमी बगालच की. बैलाईला कोण बगल?"

सांजेला परतलो, तर सगळे बैल पाणी पिऊन निवांत रवंथ करत होते. त्यानं मला हळूच इचारलं, "माय, त्याच्या पायाला लागलं तर न्हाई?"

"न्हाई."

तसा तो हसला अन् आमची गाडी जुंपू लागला. आमी हरलो होतो, पण कोण जिंकलं ते त्यानं इचारलंच न्हाई.